घरचा डाव, स्पर्धेचा डाव: मॅजिकमध्ये इकडून तिकडे जाताना

मेंढीकोटला बसताना कोणीतरी विचारतंच, 'बंद हुकूम की कट हुकूम?' ते न ठरवता पत्ते वाटले, तर दुसऱ्या-तिसऱ्या हातालाच आवाज चढतात. मॅजिक: द गॅदरिंग या पत्त्यांच्या खेळात असं काही ठरवण्याची गरज त्याहून जास्त आहे. मेंढीकोटात निदान बावन्न पत्ते सगळ्यांचे एकच असतात; इथे जो तो आपला डेक, म्हणजे पत्त्यांचा गठ्ठा, घरून बांधून आणतो. एकाने आवडीचे सगळे ड्रॅगन एकत्र केलेले असतात, दुसऱ्याने चौथ्या टर्नला गेम संपवायचं गणित मांडलेलं असतं, आणि दोघंही म्हणतात, 'चल, एक डाव टाकू.' चूक दोघांचीही नसते. आधी ठरलेलं नसतं, एवढंच.

ते ठरवायचं कसं, आणि घरच्या टेबलावरून स्पर्धेच्या टेबलावर जायचं असेल तर डेकमध्ये, हाताच्या सवयींत आणि बॅगेत काय बदलायचं, ते पुढे दिलं आहे. मूळ नियम येतात असं धरलं आहे: २० लाइफ, सात पत्त्यांचा हात, किमान ६० पत्त्यांचा डेक, आणि बेसिक लँड सोडून एका नावाचे जास्तीत जास्त चार पत्ते. लँड म्हणजे माना देणारे पत्ते, आणि माना म्हणजे बाकीचे पत्ते टाकायची किंमत.

मधली पायरी चुकवू नका

घर आणि मोठी स्पर्धा यांच्यामध्ये एक पायरी असते. खेळ बनवणाऱ्या विझर्ड्स ऑफ द कोस्टच्या स्पर्धानियमांत काटेकोरपणाचे तीन स्तर आहेत: रेग्युलर, कॉम्पिटिटिव्ह आणि प्रोफेशनल. दुकानात होणारं फ्रायडे नाइट मॅजिक रेग्युलर स्तरावर चालतं. तिथे चूक झाली तर जज (पंच) नियम समजावतो, शक्य तितकं पूर्ववत करतो आणि डाव पुढे जातो. कॉम्पिटिटिव्हला त्याच चुकीची नोंद होते, वॉर्निंग मिळते आणि काही चुकांना थेट गेम जातो. म्हणून पहिली चार-सहा स्पर्धांची सवय रेग्युलर स्तरावर करून घ्यावी. नियम पाठ असणं वेगळं आणि पन्नास मिनिटांच्या घड्याळाखाली ते हातात असणं वेगळं.

नाव नोंदवण्याआधी फॉरमॅट, म्हणजे कोणते पत्ते चालतात याची चौकट, विचारा. स्टँडर्ड, पायोनियर, मॉडर्न, पॉपर यांपैकी ज्यात जवळच्या दुकानात माणसं जमतात, तोच तुमचा फॉरमॅट. नेटवर मॉडर्नचे व्हिडिओ पाहून डेक घ्यायचा आणि गावात मॉडर्न खेळणारे दोघेच, हा खर्च वाया जातो. निवड तुमच्या हातात असेल तर पॉपरपासून सुरुवात करा. त्यात फक्त कॉमन (सहज मिळणारे) पत्ते चालतात, त्यामुळे पूर्ण डेक बाकी फॉरमॅटच्या मानाने स्वस्तात उभा राहतो. एक बारकावा: पत्ता कधीतरी, कुठल्यातरी सेटमध्ये कॉमन म्हणून आलेला असला की पुरे. तुमच्या हातातली प्रत अनकॉमन असली तरी चालते. मात्र बंदी घातलेल्या पत्त्यांची यादी बदलत असते, ती स्पर्धेच्या आदल्या आठवड्यात पुन्हा पाहा.

घरी प्रिंटरवर काढलेली प्रॉक्सी, म्हणजे खऱ्या पत्त्याच्या जागी वापरलेली नक्कल, चालते, आणि चालावी. महागडा पत्ता घेण्याआधी तो खेळून पाहण्याचा तोच शहाणा मार्ग आहे. अधिकृत स्पर्धेत ती चालत नाही. तिथे प्रॉक्सी देण्याचा अधिकार फक्त जजला असतो, तोही स्पर्धा चालू असताना पत्ता खराब झाला तर.

साठ म्हणजे साठच

घरच्या डेकची पहिली खूण म्हणजे जाडी. 'हाही आवडतो, तोही असू दे' करत डेक ८० पत्त्यांवर जातो. नियमात बसतं, पण किंमत मोजावी लागते. ६० पत्त्यांत एका नावाचे चार असतील, तर पहिल्या सात पत्त्यांत त्यातला एक तरी येण्याची शक्यता जवळपास ४० टक्के असते. ८० पत्त्यांत ती ३१ वर येते. म्हणजे डेकमधला सगळ्यात चांगला पत्ता तुम्ही स्वतःच लपवून ठेवता. स्पर्धेला साठच घ्या. एकसष्टावा पत्ता ठेवायचा मोह झाला तर साठातला सगळ्यात कच्चा शोधा आणि काढा.

दुसरी खूण लँडची. घरी लँड कमी ठेवायची सवय लागते, कारण लँड कंटाळवाणी वाटते आणि हात वाईट आला की 'परत वाट' म्हणायची सोय असते. आकडे बघा. ६० पत्त्यांत २४ लँड असतील तर पहिल्या हातात शून्य किंवा एकच लँड येण्याची शक्यता साधारण १४ टक्के, म्हणजे सातातून एकदा. २० लँड ठेवल्या की तीच शक्यता सुमारे २५ टक्के होते. चारातला एक हात खेळण्याआधीच गेला. तुमचे पत्ते चार-पाच मानाचे असतील तर २४च्या खाली जाऊ नका. बहुतेक पत्ते एक-दोन मानाचे असतील तरच १८ ते २० पर्यंत उतरा.

इथे मॅजिक अरीनावर, म्हणजे या खेळाच्या संगणकी आवृत्तीवर, शिकलेल्यांची एक ठरावीक फसगत होते. मॅजिक अरीनात एका गेमच्या मॅचला संगणक तुमच्यासाठी एकापेक्षा जास्त हात काढून बघतो आणि लँडचं प्रमाण बरं असलेला हात देण्याकडे झुकतो. तिथे १७-१८ लँडवर मजेत पळणारा डेक कागदी पत्त्यांत अडखळतो, आणि माणूस नशिबाला दोष देतो. सराव अरीनावरच करायचा असेल तर तीन गेमची मॅच निवडा. तिथे ही मदत नसते.

डेकचं एक वाक्य

स्पर्धेच्या डेकचं काम एका वाक्यात सांगता आलं पाहिजे, आणि त्या वाक्यात आकडा असला पाहिजे. 'भारी भारी राक्षस आणतो' हे वाक्य नव्हे.

पॉपरमधला लाल बर्न डेक (थेट डॅमेज देऊन लाइफ संपवणारा) घ्या. लायटनिंग बोल्ट, चेन लायटनिंग, लाव्हा स्पाइक, रिफ्ट बोल्ट हे सगळे एका मानात तीन डॅमेज देतात. समोरच्याचं लाइफ २०. म्हणजे असे सात पत्ते, २१ डॅमेज, काम झालं. पहिली टर्न तुमची असेल तर पहिल्या टर्नला पत्ता उचलायचा नसतो, त्यामुळे चौथ्या टर्नपर्यंत तुम्ही दहा पत्ते पाहिलेले असतात. सात बोल्ट हवेत, म्हणजे लँडला जागा उरली तीन. ६० पत्त्यांत १८ लँड ठेवल्या की दहा पत्त्यांत सरासरी बरोबर तीन येतात. तीन लँडवर पहिल्या चार टर्नमध्ये १ + २ + ३ + ३ = ९ माना मिळतो, खर्च फक्त सातचा. गणित जुळलं. प्रत्यक्षात समोरचा लाइफ वाढवतो, मध्ये काउंटर करतो (तुमचा पत्ता रद्द करतो), डेकातले सगळेच पत्ते तीन डॅमेजचे नसतात, रिफ्ट बोल्ट स्वस्तात टाकला तर एक टर्न उशिरा फुटतो. तरी अठराच लँड का, हे आता तुम्हाला माहीत आहे. कोणी 'दोन लँड अजून टाक' म्हणालं तर त्याला उत्तर देता येतं.

असा हिशेब स्वतःच्या डेकचा लावा. जो पत्ता त्या वाक्याला मदत करत नाही, तो कितीही लाडका असला तरी बाहेर. तो घरच्या डेकात ठेवा, तिथे त्याचा मान आहे.

आणि नेटवरची यादी जशीच्या तशी उचलायला लाजू नका. घरी ते रसभंग करणारं असेल, स्पर्धेत तो अभ्यास आहे. फक्त पहिल्या वीस-तीस गेमपर्यंत त्यात काही बदलू नका. एखादा पत्ता तिथे का आहे हे कळायच्या आतच तो काढला जातो, आणि तो नेमका कशासाठी होता ते स्पर्धेत कळतं.

साइडबोर्ड

घरी साइडबोर्ड, म्हणजे दोन गेमच्या मध्ये बदलायला ठेवलेले जादा पत्ते, नसतोच, म्हणून नव्या खेळाडूचा सगळ्यात कच्चा भाग हाच. स्पर्धेत मॅच तीन गेमची. दोन जिंकणारा जिंकला. पहिला गेम मूळ साठ पत्त्यांनी होतो, त्यानंतर १५ पर्यंतच्या साइडबोर्डातून अदलाबदल करता येते. म्हणजे दोन गेममध्ये संपलेल्या मॅचचा अर्धा भाग आणि तीनपर्यंत गेलेल्या मॅचचा दोन तृतीयांश भाग तुम्ही बदललेल्या डेकने खेळता. सराव मात्र बहुतेक जण फक्त मूळ डेकचा करतात.

बर्नसाठी उदाहरण: निळ्या डेकसमोर पायरोब्लास्ट चार, आर्टिफॅक्ट भरलेल्या डेकसमोर स्मॅश टू स्मिदरीन्स तीन-चार (आर्टिफॅक्ट फोडतो आणि वर तीन डॅमेजही देतो, म्हणजे आपल्या वाक्याला धक्का नाही), कबरस्तानातून (वापरून झालेल्या पत्त्यांच्या ढिगातून) पत्ते वापरणाऱ्यांसाठी रेलिक ऑफ प्रोजेनिटस दोन-तीन. काय आत घ्यायचं हे सोपं असतं. काय बाहेर काढायचं तिथेच लोक अडतात. म्हणून प्रत्येक ओळखीच्या डेकसाठी कागदावर 'आत चार, बाहेर चार' असं नावानिशी लिहून ठेवा. दोन गेमच्या मधल्या वेळात स्वतःच्या आधीच लिहिलेल्या टिपणाकडे बघायला परवानगी आहे. गेम चालू असताना नाही.

मॅच संपली की पत्ते मूळ जागी परत ठेवा. पुढच्या मॅचचा पहिला गेम नोंदवलेल्या मूळ यादीनेच खेळावा लागतो, आणि साइडबोर्डचे पत्ते आत राहून गेले ही सगळ्यात नेहमीची चूक. उपाय साधा: मॅचला बसण्याआधी साइडबोर्डचे पंधरा पत्ते मोजा आणि वरचे दोन-तीन बघून घ्या.

सराव कसा मोजायचा

वहीत प्रत्येक गेमची एक ओळ: पहिली टर्न कोणाची, समोरचा डेक कोणता, मुलिगन (वाईट हात टाकून नवा घेणं) किती, हरलात तर कशामुळे. 'नशीब' असं कारण लिहायचं नाही. 'दोन लँडवर हात ठेवला' असं लिहायचं. वीस गेममध्ये बारा जिंकलात म्हणून डेक चांगला ठरत नाही. नाणं वीस वेळा उडवलं तरी चारातून एकदा बारा किंवा जास्त वेळा छापा येतोच. विजयाच्या आकड्यापेक्षा हरण्याच्या कारणांचा कॉलम जास्त शिकवतो.

मुलिगनचा सराव वेगळा करा. नुसते सात-सात पत्ते काढत जा आणि दर वेळी ठेवायचे की टाकायचे ते मोठ्याने, कारणासह सांगा. २०१९ पासून मुलिगनला दर वेळी पुन्हा सात पत्ते उचलायचे आणि जितके मुलिगन घेतले तितके पत्ते तळाला ठेवायचे अशी पद्धत आहे. त्यामुळे सहाचा हात पूर्वीइतका वाईट राहिलेला नाही. घरच्या सवयीचा माणूस काहीच न करणारा सातचा हात ठेवतो, आणि तिथेच मॅच जाते.

टेबलावर

पिसणं. स्लीव्हमधले (प्लॅस्टिकच्या पाकिटांतले) पत्ते अर्धे-अर्धे करून एकमेकांत घुसवून निदान सात वेळा पिसा. पत्त्यांचे ढीग मांडत वाटणं म्हणजे पिसणं नव्हे, ती मोजणी आहे. ती प्रत्येक गेमच्या सुरुवातीला एकदाच करता येते. घरी पुष्कळ जण लँड आणि बाकीचे पत्ते दोनास एक असे रचून घेतात. त्यानंतर नीट पिसलंत तर त्या रचण्याचा उपयोग शून्य, आणि नीट पिसलं नाहीत तर ती फसवणूक. दोन्हीकडून तोटा, तेव्हा ही सवय घरीच सोडा. कॉम्पिटिटिव्ह स्तरावर समोरच्याचा डेक तुम्हीही पिसायचा असतो; नुसतं हात लावून 'ठीक आहे' म्हणणं हा सभ्यपणा इथे नको.

बोलणं. घरी पत्ता टेबलावर ठेवला की झालं. स्पर्धेत पत्त्याचं नाव, कशावर टाकलाय, आणि समोरच्याचं 'ठीक' ऐकल्यावर पुढे. टर्नचे टप्पे शब्दांत सांगा: 'अटॅकला जातोय', 'टर्न संपली'. बहुतेक वाद पत्त्यांवरून होत नाहीत, 'मी अजून अटॅकला गेलोच नव्हतो' यावरून होतात.

लाइफ कागदावर लिहा, दोघांचंही, आणि शेजारी कारण: '१७, बोल्ट'. लाइफ मोजायला ठेवलेल्या फाशाला धक्का लागला की पुरावा गेला. कागदावर मागे जाता येतं.

ट्रिगर, म्हणजे ठरावीक वेळी आपोआप होणारा पत्त्याचा परिणाम. घरी 'अरे, तुझा पत्ता उचलायचा राहिला' असं सांगणं ही मैत्री. स्पर्धेत समोरच्याचा ट्रिगर त्याला आठवून द्यायचं बंधन तुमच्यावर नसतं, आणि न सांगण्यात काही गैर धरत नाहीत. पण रेषा नीट ओळखा. तुमच्या तोट्याचा स्वतःचा ट्रिगर मुद्दाम 'विसरणं' ही फसवणूक. समोरच्याने नियम मोडला, समजा एक पत्ता जास्त उचलला, आणि तुम्ही बघून गप्प बसलात, तर तीही फसवणूकच. अशा वेळी हात वर करून मोठ्याने 'जज' म्हणायचं. हे तक्रार करणं नव्हे; दोघांनी मिळून केलेली दुरुस्ती पुष्कळदा जास्त गोंधळ घालते. जजने मिनिटापेक्षा जास्त वेळ घेतला तर तो मॅचला वाढवून मिळतो. मिळाला नाही तर मागा.

वेळ. राऊंड ५० मिनिटांचा. वेळ संपल्यावर चालू टर्न पूर्ण होते, पुढे दोघांच्या मिळून पाच टर्न मिळतात, तरी निकाल नाही तर तो गेम बरोबरीत. जिंकलेल्या मॅचला ३ गुण, बरोबरीला १. म्हणजे दोन बरोबऱ्या एका विजयापेक्षा कमी. सावकाश खेळणाऱ्याला गुणांतच मार बसतो. पहिला गेम हातातून गेला आहे असं स्पष्ट दिसत असेल आणि अर्धा तास उलटला असेल, तर हार मान्य करून उरलेल्या दोन गेमना वेळ ठेवा. घरच्या खेळात शेवटपर्यंत लढणं शोभतं, इथे ते महाग पडतं.

राऊंड किती होणार हे खेळाडूंच्या संख्येवरून कळतं: आठ जणांना तीन, नऊ ते सोळांना चार, सतरा ते बत्तीसना पाच. पाच राऊंड म्हणजे साडेपाच तास धरून चाला. पाणी आणि डबा जवळ ठेवा. राऊंड सुरू होताना जागेवर नसाल तर कॉम्पिटिटिव्हला एक गेम जातो, दहा मिनिटांनंतर पूर्ण मॅच. चहाची टपरी किती लांब आहे ते आधी बघून ठेवा.

एक गोष्ट गमतीतही करू नका. मॅच रखडली म्हणून नाणं उडवून निकाल ठरवणं, किंवा 'तू हर, बक्षीस वाटून घेऊ' म्हणणं. घरी हा विनोद आहे. स्पर्धेत याची शिक्षा बाद होण्यापर्यंत जाऊ शकते, आणि असा प्रस्ताव ऐकून गप्प बसणाराही अडचणीत येतो. काही अटीविना बरोबरी मान्य करणं किंवा हार मानणं मात्र नियमात बसतं.

स्लीव्ह आणि पावसाळा

मूळ डेक आणि साइडबोर्ड मिळून ७५ पत्ते. शंभर स्लीव्हचं एकच पाकीट घ्या, सगळे पत्ते त्याच दिवशी भरा आणि उरलेल्या पंचवीस बॅगेत ठेवा. दोन पाकिटांतल्या स्लीव्हच्या रंगात केसभर फरक असू शकतो, आणि साइडबोर्डचे पत्ते मागून ओळखू आले तर ती 'खुणेचे पत्ते' ही चूक धरली जाते. स्लीव्हचे कोपरे दुमडले की बदला. एकट्या लायटनिंग बोल्टचेच कोपरे झिजलेले असतील तर जजला योगायोग पटवणं अवघड जातं.

मुंबईत आणि कोकणात जून ते सप्टेंबर फॉइल पत्ते स्पर्धेला नकोतच. फॉइलचा थर ओल शोषत नाही, कागद शोषतो, त्यामुळे पत्ता धनुष्यासारखा वाकतो. डेकमध्ये चारच फॉइल असतील तर डेक नेमका त्यांच्यापाशी उचलला जातो. घरी कोणी काही म्हणत नाही. स्पर्धेत तेही खुणेचेच पत्ते. डेकच्या डब्यात सिलिका जेलची पुडी ठेवा आणि बॅग भिजलीच तर पत्ते पंख्याखाली सपाट, वर हलकं वजन ठेवून वाळवा. हेअर ड्रायर नको. तो उलट बाजूला वाकवतो.

पत्त्यांची यादी आदल्या रात्री लिहा, पूर्ण नावांसह, आणि बेरीज ६० व १५ येते का ते दुसऱ्याकडून मोजून घ्या. यादीत ५९ लिहिले गेले तर डेक बरोबर असूनही गेम जाऊ शकतो.

उलटा प्रवास

स्पर्धेची सवय लागलेला माणूस घरच्या टेबलावर परतला की वेगळ्या चुका करतो, आणि सध्या घरचं टेबल म्हणजे बहुधा कमांडर हा फॉरमॅट: चार खेळाडू, प्रत्येकी ४० लाइफ, कमांडर (डेकचा प्रमुख पत्ता) धरून १०० पत्ते, बेसिक लँड सोडून प्रत्येक वेगळा. इथे जिंकणं हवंच, पण चौघांचा तासभर बरा जावा हीही अट असते. तिसऱ्या टर्नला तिघांना गारद करणारा डेक नियमाने बरोबर आणि टेबलाच्या दृष्टीने चूक.

म्हणून बसताना विचारा: तुझा डेक साधारण कितव्या टर्नला जिंकतो? न संपणारा कॉम्बो (पुन्हा पुन्हा चालत राहणारी पत्त्यांची जुळणी) आहे का? डेकातून हवा तो पत्ता शोधणारे किती? सगळ्यांच्या लँड उडवणारं काही आहे का? 'माझा डेक दहापैकी सात' या उत्तरावर विसंबू नका. ज्याला त्याला आपला डेक सातच वाटतो. विझर्ड्सने २०२५ मध्ये चाचणी म्हणून आणलेले पाच ब्रॅकेट (डेकच्या ताकदीचे स्तर) त्यापेक्षा उपयोगी आहेत: एक्झिबिशन, कोअर, अपग्रेडेड, ऑप्टिमाइझ्ड आणि सीईडीएच (स्पर्धेच्या तोडीचा कमांडर). 'गेम चेंजर' म्हणून यादीत असलेले पत्ते पहिल्या दोन ब्रॅकेटमध्ये चालत नाहीत, तिसऱ्यात तीनपर्यंत, पुढच्या दोनांत हवे तेवढे. शेवटचं ब्रॅकेट म्हणजे कमांडरच्या कपड्यांतली स्पर्धाच. तिथे वरची सगळी शिस्त लागू.

पत्ते मोजून ब्रॅकेट ठरतं असं मात्र समजू नका. एकही गेम चेंजर नसलेला डेक पाचव्या टर्नला कॉम्बो लावत असेल, तर तो दुसऱ्या ब्रॅकेटचा नाही. आणि या टेबलावर ट्रिगर आठवून द्यायचा, चुकीचा अटॅक मागे घेऊ द्यायचा, ज्याला लँडच येत नाहीत त्याच्यावर पहिल्यांदा तुटून पडायचं नाही. बॅगेत दोन ब्रॅकेटचे दोन डेक असू द्या, आणि त्यांच्या स्लीव्हचे रंग वेगळे ठेवा, म्हणजे घाईत चुकीचा डबा उघडला तरी पिसण्याआधीच लक्षात येतं.